भाषा कोणती, हे ठरविणार कोण?

'आफ्रिकेत कोणती भाषा बोलतात हो?' असा प्रश्न चांगली शिकलीसवरलेली माणसे आम्हाला विचारतात. जणू आफ्रिका म्हणजे एखादा जिल्हाच! जगात सुमारे ७ हजार भाषा आहेत. त्यापैकी जवळपास २ हजार या एका खंडात बोलल्या जातात. एकट्या नायजेरियात ५०० हून अधिक. हौसा, योरुबा, स्वाहिली, अम्हारिक बोलणारे कोट्यवधी लोक आहेत. इथिओपियाची लिपी तर दीड हजार वर्षांहून जुनी. पण गोऱ्या राज्यकर्त्यांच्या लेखी या साऱ्या 'बोली' होत्या. भाषा म्हणजे त्यांची! १८८४-८५ साली बर्लिनमध्ये बसून युरोपच्या सत्तांनी हा खंड वाटून घ्यायचे नियम ठरविले, तेव्हा त्या बैठकीत एकही आफ्रिकन प्रतिनिधी नव्हता. पुढे सरहद्दीच्या रेघा ओढल्या गेल्या आणि एका भाषेची माणसे दोन-तीन देशांत विभागली गेली.

केनियाचे थोर लेखक न्गुगी वा थियांगो (ते २०२५ साली वारले) यांनी आपल्या शाळेची हकिकत लिहून ठेवली आहे. शाळेत गिकुयू ही घरची भाषा बोलताना मूल सापडले की छड्या बसत. नाहीतर मूर्ख, गाढव अशी अक्षरे असलेली धातूची पाटी गळ्यात अडकवत. गळ्यात काय अडकविले म्हणजे माणसाचे काय होते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. याच न्गुगींनी १९७७ साली शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक उभे केले. इंग्रजीत लिहीत होते तोवर सरकारने त्यांना तुरुंगात घातले नव्हते. लोकांच्या भाषेत बोलताच वर्षभर विनाचौकशी तुरुंग! आणि हे सरकार गोऱ्यांचे नव्हे, स्वतंत्र केनियाचे होते. तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूतून कादंबरी लिहिली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, मातृभाषेचा जयजयकार करू या. थांबा! दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकारने १९५३ साली बांटू शिक्षण कायदा केला आणि काळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच देण्याची सक्ती केली. मातृभाषेच्या प्रेमापोटी? मुळीच नाही. मजुरीपलीकडे काळ्या माणसाला गोऱ्यांच्या समाजात जागा नाही, असे त्या खात्याचा मंत्री व्हेरवूर्ड उघडपणे सांगत होता. काळ्यांनी आपापल्या जमातीच्या कुंपणात राहावे, एकमेकांशी आणि जगाशी बोलूच नये, हा त्यामागचा कावा होता.

त्याच सरकारने पुढे निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकविण्याचा हुकूम काढला. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची हजारो मुले रस्त्यावर उतरली. त्यांची मागणी झुलू माध्यमाची नव्हती. मालकाची आफ्रिकान्स नको, शिकायचेच तर इंग्रजीतून शिकू, असे बहुतेकांचे म्हणणे होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या. बारा-तेरा वर्षांचा हेक्टर पीटरसन पडला. त्याला उचलून धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र जगाने पाहिले.

मग बरोबर कोण, न्गुगी की सोवेटोची मुले? आमच्या मते दोघेही. न्गुगींच्या शाळेतली पाटी आणि बांटू शाळेतली सक्तीची मातृभाषा, दोन्ही ठिकाणी निर्णय मुलाचा नव्हता, त्याच्या आईबापाचाही नव्हता. आपल्याकडे मातृभाषेचे गोडवे गाणारे आपली नातवंडे कोणत्या शाळेत घालतात, तेही वाचकांना ठाऊक आहेच.

आज दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात १२ अधिकृत भाषा आहेत; १९९६ साली ११ होत्या, २०२३ साली खुणांची भाषाही आली. पण वरच्या वर्गांत गणित-विज्ञानाचे पुस्तक अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच उघडावे लागते. मालीने २०२३ च्या नव्या संविधानात फ्रेंचला अधिकृत भाषेच्या पदावरून उतरवून १३ देशी भाषांना तो मान दिला. कामकाजाची भाषा म्हणून फ्रेंच मात्र कचेरीत तशीच बसून आहे.