पायरीवरचे नाव

आपल्या मराठी घरांतून भांड्यांवर नाव घालण्याची जुनी चाल आहे. दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचे हंडे, घंगाळी, पराती खाली येतात, चिंच लावून घासल्या जातात, आणि काळपटपणाखालून एकेक नाव उजळू लागते. कुणा आत्याबाईंचे, कुणा मामंजींचे. खाली लग्नाची तारीख आणि ‘सप्रेम भेट’. त्यांतली निम्मी माणसे कोण होती, हे घरातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. हंडा मात्र शाबूत असतो आणि त्यात पाणी पूर्वीइतकेच मावते.

चाळिशी उलटली, की हा हंडा जरा निराळा दिसू लागतो. आपल्यामागे काय उरणार, हा प्रश्न तोवर दुसऱ्यांचा असतो. मग एकाएकी तो आपला होतो. मी मराठीचा प्राध्यापक. दरवर्षी नवी मुले समोर येऊन बसतात आणि तीन वर्षांनी निघून जातात. जगण्याचे प्रयोजन काय, असे कुणी मोठ्या आवाजात विचारले तर मी गप्पच बसेन. म्हणून माझ्यापुरता तो प्रश्न मी लहान करून घेतला आहे. माणसाने आपले नाव कुठे लिहावे?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर बोधिसत्त्वाचे चित्र आहे. त्या चित्रावरच जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे : २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या गृहस्थाला लेणी दिसली आणि त्याला पहिली गोष्ट सुचली ती ही! ज्याने ते चित्र काढले, त्या चित्रकाराचे नाव आज कुणालाच ठाऊक नाही. पण गंमत पुढेच आहे. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. स्मिथसाहेब काही फार उंच नव्हते. त्या वेळी लेण्यात माती आणि दगडगोटे साचले होते आणि ते त्या ढिगावर उभे होते. पुढे ढीग उपसला गेला, नाव तेवढे अधांतरी राहिले. माणसाच्या अहंकाराचे याहून नेमके चित्र कुणा चित्रकारालाही काढता आले नसते.

याचा अर्थ नाव लिहिणेच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. आमचे संतही अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवतात. पण एकनाथ आपले ‘एका’ हे नाव जनार्दनस्वामींच्या नावाला बिलगून ठेवतात आणि जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवते. नाव आहे, पण ते ढिगाऱ्यावर उभे नाही, कुणाचा तरी हात धरून उभे आहे.

रायगडावर तर नाव चक्क पायाखाली आहे. १६७४ साली ज्या गडावर राज्याभिषेक झाला, त्याच्या बांधकामाचा भार हिरोजीने वाहिला. तिथल्या जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. गडावरच्या वास्तूंचे वर्णन आणि हिरोजीचे नाव त्यातही आहे. पण तिकडे बघायला कुणाला सवड नसते. लोक वाकून वाचतात ती पायरी. आपण सेवेला तत्पर आहोत, एवढेच सांगून त्याने तिथे आपले नाव घातले आहे. त्याचे आडनाव कोणी इंदुलकर वाचतात, कोणी इटळकर. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. दगडात कोरलेल्या नावाबद्दलही वाद होऊ शकतो. सेवा या शब्दाबद्दल मात्र कुणाचाच वाद नाही.

पंढरपूरला नामदेवाची पायरी आहे. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी महाद्वारातली ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पण त्या पायरीचे गोडवे गाताना समोरच असलेली चोखोबांची समाधी विसरून चालणार नाही. नामदेवांनी पायरी निवडली. चोखोबांना पायरीपलीकडे येऊच दिले नाही. १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडले. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती! स्वतःहून पत्करलेले लहानपण हा माणसाचा दागिना असतो. दुसऱ्यावर लादलेले लहानपण हा आपल्या गर्वाचा सर्वांत कुरूप अवतार. नम्रतेचा उपदेश करणाऱ्याने, आपण तो पायरीच्या कोणत्या बाजूला उभे राहून करतो आहोत, हे आधी पाहावे.

हे सगळे मनात घोळू लागले, त्याला घरचे एक कारण घडले. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ शाळेला पुस्तकांचे एक कपाट द्यावे, असे आम्ही भावंडांनी ठरवले आणि लगेच वाद उभा राहिला. दादाचे म्हणणे, कपाटावर संगमरवरी पाटी हवी. पूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली आम्हा मुलांची नावे. धाकटी बहीण म्हणाली, “आणि जावयांची?” बोलणे वाढत चालले. आई एका कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “अरे, पस्तीस वर्षांत कोणत्या मुलाने त्यांना नावाने हाक मारली रे? सगळ्यांचे ते मास्तरच.”

पाटीचा विषय तिथेच मिटला. दादाने, पाटीसाठी काढून ठेवलेल्या पैशांची आणखी पुस्तके आणली. त्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, वडील वर्गात नेहमी सांगत ते वाक्य आम्ही लिहिले : ‘पुस्तकाचे कान पिरगाळू नयेत; वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्यावे.’ खाली एकच शब्द, ‘मास्तर’.

अजून पन्नास वर्षांनी हे मास्तर कोण, हे त्या शाळेत कुणालाच ठाऊक नसेल. तोवर पुस्तकेही जीर्ण झाली असतील. पण मधल्या काळात एखादे मूल पानाचा दुमडलेला कोपरा हलकेच सरळ करील आणि पुस्तक शेजारच्याच्या हातात देईल. जगण्याला याहून मोठे प्रयोजन असेलही. मला मात्र, खरे सांगायचे तर, एवढे पुरेसे वाटते.