राजा बदलला, आर्चबिशप नाही

स्कॉटलंडभोवतीची बेटं नॉर्वेच्या राजाने सोडली, त्याच दिवशी तिथल्या चर्चवरचा नॉर्वेचा अधिकारही संपला, असं सर्रास मानलं जातं. हे चूक आहे. हेब्रिडीज आणि आइल ऑफ मॅन ही बेटं 1266च्या पर्थच्या तहाने स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर याच्याकडे आली. मोबदला ठरला हप्त्यांनी 4,000 मार्क, शिवाय दरसाल 100 मार्क. मात्र त्याच तहात या बेटांच्या सोडोर धर्मप्रांतावरचा निडारोसच्या, म्हणजे आजच्या ट्रॉन्डहाइमच्या, आर्चबिशपचा अधिकार स्पष्टपणे राखून ठेवला आहे. निडारोसचं आर्चबिशपपद बाराव्या शतकाच्या मध्याला पोपच्या प्रतिनिधीने स्थापन केलं आणि आइसलँड, ग्रीनलँड, ऑर्कनी, सोडोर हे धर्मप्रांत त्याच्याखाली आले. पोपने घातलेली ही घडी मोडण्याचा अधिकार दोघांपैकी एकाही राजाला नव्हता.

यावर आक्षेप येतो, की हा अधिकार नुसता कागदावर होता. त्यात तथ्य आहे. 1378नंतर पोपपदाचे रोम आणि आविन्यों इथे दोन दावेदार झाले, तेव्हा स्कॉटलंड आविन्योंच्या बाजूने आणि इंग्लंड रोमच्या बाजूने उभं राहिलं. सोडोर धर्मप्रांतही त्यात व्यवहारात दुभंगला. पण व्यवहार ढिला पडला म्हणून कायदा रद्द होत नाही. तसा तो झाला असता, तर पुढे 1472मध्ये पोपच्या नव्या आज्ञापत्राची गरजच पडली नसती.

दुसरा गैरसमज ऑर्कनी आणि शेटलंडबद्दलचा. ही बेटं हुंड्यात दिली, असं म्हणतात. मुंबई 1661च्या विवाहकराराने कायमची इंग्लंडच्या राजाला मिळाली. इथे तसं घडलं नाही. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्टियान याने मुलगी मार्गारेट हिच्या लग्नात स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स याला 60,000 ऱ्हेनिश गिल्डर कबूल केले. त्यांतल्या 50,000साठी 1468मध्ये ऑर्कनीतले राजाचे हक्क आणि जमिनी गहाण पडल्या. रोख द्यायच्या 10,000पैकी 2,000च जमले, म्हणून उरलेल्या 8,000पोटी 1469मध्ये शेटलंडही गहाण गेलं. गहाण सोडवण्याचा हक्क शाबूत होता आणि पुढच्या डॅनिश राजांनी तो अनेकदा मागितलाही.

स्कॉटिश संसदेने 1472च्या फेब्रुवारीत ऑर्कनीची जहागीर राजाच्या मुलखाला जोडली, तरी तिथला बिशप निडारोसच्याच अखत्यारीत राहिला. पोप चौथ्या सिक्स्टसने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेंट अँड्र्यूजला आर्चबिशपपद दिलं आणि ऑर्कनी व सोडोर त्याच्याखाली आणले. हेब्रिडीजचा राजा बदलून तेव्हा 206 वर्षं झाली होती.