गोबर गॅस संयंत्रातील जिवंत उत्प्रेरक

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात बुरशीकडून पेनिसिलिन करवून घेतले गेले. चाकण परिसरातील शेतकऱ्याच्या गोबर गॅस संयंत्रातही सूक्ष्मजंतूच राबतात. रासायनिक क्रियेस गती देणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. हे जंतू जिवंत उत्प्रेरकच होत. गाईच्या पोटातून ते शेणाबरोबर येतात. एक वर्ग शेण कुजवून आम्ले तयार करतो. दुसरा हवेविना त्यांपासून मिथेन हा ज्वलनशील वायू बनवितो. पहिल्याची वाढ जलद, दुसऱ्याची फार मंद. खरी अडचण येथेच आहे. बाजारातील सडका कांदा एकदम टाकीत ओतल्यास आम्ले साचतात, मिथेन करणारे जंतू निष्प्रभ होतात आणि गॅस येऊनही पेटत नाही.

जंतूंची आनुवंशिक घडण बदलून इंधन मिळविण्याचे प्रयोग आज प्रयोगशाळांत चालू आहेत. शेतकऱ्याच्या टाकीत मात्र हा निसर्गदत्त समुदायच जपावा लागतो. गॅस पेटेनासा झाल्यास ग्रामीण कार्यकर्त्यांनी लगेच टाकी उपसावयास सांगू नये. खाद्य काही दिवस थांबवावे, शेजारच्या चालू संयंत्रातील थोडी रबडी मिसळावी आणि निळी ज्योत दिसू लागल्यावर रोज थोडे थोडे शेण घालावे.