दाब कुठून आणायचा?

फ्लुइड सिम्युलेशन शिकायचं म्हणून एखादं सॉफ्टवेअर उतरवलं, गाडीचं मॉडेल आत घातलं आणि बटण दाबलं की थोड्या वेळात लाल-निळं सुंदर चित्र समोर येतं. पंचाईत अशी की उत्तर साफ चुकलेलं असलं तरी चित्र तितकंच सुंदर दिसतं. म्हणून सांगतो, गाडी आणि विमान सध्या राहू द्या. एका चौकोनी डब्यापासून सुरुवात करा.

डबा द्रवाने काठोकाठ भरलाय. वरचं झाकण एकाच दिशेने सरकत राहतं, बाकीच्या भिंती स्थिर. आत एक मोठा भोवरा तयार होतो आणि खालच्या कोपऱ्यांत दोन छोटे. याला 'लिड-ड्रिव्हन कॅव्हिटी' म्हणतात. सिनसिनाटी विद्यापीठातल्या उर्मिला घिया आणि कीर्ती घिया यांनी शिन यांच्यासोबत १९८२ साली याची आकडेवारी छापली. जगभरचे विद्यार्थी आजही आपला कोड तिच्याशी ताडून बघतात. रेनॉल्ड्स नंबर १०० असेल तर मधल्या उभ्या रेषेवर उलट दिशेचा सर्वाधिक वेग झाकणाच्या वेगाच्या सुमारे २१ टक्के यायला हवा. तुमचा १५ आला? मग जाळी दुप्पट बारीक करून बघा. तरीही हलत नसेल तर कोडमध्ये घोळ आहे.

आता कोड लिहायला बसलात की खरी गंमत सुरू होते. डब्याचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला न्यूटनचा नियम लावायचा: दाबातला फरक आणि चिकटपणा मिळून वेग किती बदलतो. वेगाची समीकरणं मिळाली. पण दाब कुठून आणायचा? पाण्यासारखा न दबणारा द्रव असेल तर दाबाला स्वतःचं समीकरणच नसतं. उरतो एकच नियम, चौकोनात जितकं आलं तितकं बाहेर गेलं पाहिजे, आणि त्यात दाबाचा उल्लेखही नाही!

इथे आपले सुहास पाटणकर येतात. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, आयआयटी मुंबई, मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे पीएचडी आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी १९७२ साली मांडलेल्या पद्धतीचं नाव 'सिंपल'. (पहिल्यांदा वाचताना ती कुणालाच सिंपल वाटत नाही.) दाबाचा अंदाज करा. त्यावरून वेग काढा. मग प्रत्येक चौकोनाचा हिशेब तपासा. जिथे येणारं जास्त आणि जाणारं कमी, तिथे दाब थोडा वाढवा म्हणजे द्रव बाहेर ढकलला जाईल. उलट असेल तिथे कमी करा. मग पुन्हा पहिल्यापासून. हिशेब जुळेपर्यंत हेच. दुरुस्ती मात्र एकदम पूर्ण करायची नाही. दाबाची ०.३ पट आणि वेगाची ०.७ पट घेणं ही रूढ सुरुवात आहे; हावरटपणा केलात तर आकडे भडकतात.

आणखी एक सापळा. दाब आणि वेग एकाच बिंदूवर ठेवले तर साध्या सूत्रात शेजारच्या दोन बिंदूंमधला फरक घेतला जातो, मधला बिंदू सुटतो. मग १०, ३०, १०, ३० असा बुद्धिबळाच्या पटासारखा दाबही कोडला सपाट वाटतो. त्यावर लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्श यांनी १९६५ मध्येच तोड काढली होती: दाब चौकोनाच्या मधोमध, वेग कडांवर.

क्रम असा ठेवा. पायथन येत असेल तर लोरेना बार्बा यांचे 'ट्वेल्व्ह स्टेप्स' फुकट मिळतात; अकराव्या पायरीवर हाच डबा आहे. मग पाटणकरांचं १९८० सालचं पुस्तक. जाडजूड नाही, भाषाही सरळ. तिसऱ्यापासून सहाव्या प्रकरणापर्यंत वही-पेन घेऊन वाचा. त्यानंतर ओपनफोम. त्याच्या शिकवणीतलं पहिलं उदाहरणही हा डबाच आहे, आणि पुढे भेटणाऱ्या 'सिंपलफोम'च्या नावातलं सिंपल कुणाचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.