इतका मऊ दगड, अन् त्याची मूर्ती?

दगड किती कडक असतो ते गुडघे फोडून घेतलेल्या कुणालाही विचारा! पण असाही एक दगड आहे, की नख ओढलं तर त्यावर चक्क रेघ उमटते. बोटांना तो तुळतुळीत लागतो, म्हणून त्याला सोपस्टोन म्हणतात. त्यातलं मुख्य खनिज म्हणजे संगजिरं, तुमच्या टाल्कम पावडरीतलं टाल्क.

१८१२ साली फ्रीडरिश मोस नावाच्या शास्त्रज्ञाने खनिजांना कडकपणाचे गुण दिले. हिऱ्याला १० पैकी १०, आणि टाल्कला १. सगळ्यात शेवटचा नंबर! आपल्या नखाला साधारण अडीच. म्हणजे या सामन्यात नख जिंकतं.

का बरं? टाल्कचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात. प्रत्येक पापुद्रा आतून घट्ट असतो, पण शेजारच्या पापुद्र्याला जेमतेम धरून असतो. पत्त्यांचा कॅट हाताने ढकलला की पत्ते कसे सरकतात, तसे हे पापुद्रे घसरतात. टाल्कमध्ये मॅग्नेशियम असतं. त्याच्या जागी ॲल्युमिनियम आलं, की तयार होतो त्याचा सख्खा भाऊ, पायरोफायलाइट. हा भाऊ आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडतो. आणि देशभरात असे दगड कुठे नि किती निघतात, याचा हिशेब ठेवणारा भारतीय खाण ब्यूरो नागपुरातच आहे, सिव्हिल लाइन्सला.

आता जरा लांब जाऊ, चीनच्या फुजियान प्रांतात. तिथल्या फुचौ शहराजवळ शौशान गाव आहे. तिथले दगडही बरेचसे याच भावकीतले: पायरोफायलाइट, डिकाइट वगैरे. पिवळे, लालसर, दुधी, काळपट असे नाना रंगांचे. त्यातला सगळ्यात मौल्यवान पिवळा दगड मिळतो कुठे, माहितेय? भाताच्या बांध्यांत, मातीखाली! (भंडाऱ्याच्या मुलांनो, म्हणून आजोबांची धुऱ्याकाठची बांधी खणायला जाऊ नका.) चीनच्या छ्येनलुंग बादशहाचे या दगडाचे तीन शिक्के आहेत, एकमेकांत साखळीने अडकवलेले. साखळीसकट सगळं एकाच दगडातून कोरलेलं!

सतराव्या शतकात तिथे यांग युश्युआन नावाचा भारी कारागीर होऊन गेला. तो आणि त्याच्यासारखे लोक वितीपेक्षा लहान मूर्ती घडवत. दगड मऊ, त्यामुळे बारीक सुरीने चिवराची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राची, चुणी न् चुणी, कपाळावरची आठीसुद्धा कोरता येई. दगडात पिवळा पट्टा निघाला तर कारागीर तो वाया घालवत नसे, तिथे नेमकं चिवर आणत असे. मला तर ही हुशारी कोरण्यापेक्षाही मोठी वाटते.

मूर्ती कुणाच्या? बऱ्याचशा लोहानांच्या, म्हणजे अर्हतांच्या. हे बुद्धाचे थोर शिष्य. सोळा अर्हतांची माहिती सांगणारा ग्रंथ चिनी भाषेत आणला ह्युएनत्सांगने. तोच प्रवासी, जो सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. पुढे चिन्यांनी त्यात दोघांची भर घालून अठरा केले!

दुसरी लाडकी मूर्ती ग्वानयिनची. ही करुणेची देवी म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी आठवा. ते चित्र वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं मानतात, आणि त्याची राजधानी होती आपल्या विदर्भातलं वाशीम. चीनमध्ये गेल्यावर काही शतकांत या अवलोकितेश्वराला बाईचं रूप मिळालं.

मऊ दगड कडकही करता येतो बरं का. मोहेंजोदडोचे लोक संगजिऱ्याच्या दगडावर मुद्रा कोरून त्या भट्टीत तापवत. तापल्यावर खनिजच बदलतं आणि मुद्रा टणक होते. चिनी मूर्ती मात्र सहसा न भाजता, तेल किंवा मेण चोळून चमकवत. म्हणून त्यांना आजही जपून हाताळावं लागतं.

तुम्हाला सोपस्टोन बघायचाय? जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात जा. लोखंडावर खुणा करायला वेल्डरकाका याच दगडाची कांडी वापरतात, कारण ती आचेने जळत नाही. मागून घ्या, नखाने रेघ मारून बघा. फक्त पूड फुंकू नका, नाकात गेलेली बरी नाही. आणि नागपूरच्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे संग्रहालयातल्या, मूर्तींवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही!