बारावी फिजिक्स : 100 गुण येतात कुठून आणि जातात कुठे?

मूर्तिजापूर : दहावीत विज्ञानात चांगले गुण घेतलेली पोरं अकरावी सायन्सला गेली, की पहिल्याच चाचणीत फिजिक्सला अडखळतात. मग 'हे आपल्याच्यानं होत नाही' असं घरात बोललं जातं आणि अकोल्याच्या ट्यूशनचा खर्च काढला जातो. त्याआधी या विषयाचे गुण कसे दिले जातात, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी समजून घेणे गरजेचे आहे.

दहावी आणि बारावीत फरक काय?

दहावीला विज्ञान भाग 1 च्या 40 गुणांच्या पेपरमध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र एकत्र असते. बारावीला फिजिक्स हा 100 गुणांचा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात 16 प्रकरणे आहेत. शिवाय शिकवणे बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होते. माना, कुरूमसारख्या गावांतून ये-जा करणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला 'त्वरण' समजलेले असते, 'अ‍ॅक्सेलरेशन' अनोळखी वाटते. म्हणजे अनेकदा अडचण विषयाची नसून शब्दांची असते. दर प्रकरणाच्या मराठी-इंग्रजी शब्दांची यादी वहीत केली, तर निम्मी भीती तिथेच जाते.

गुणांची विभागणी

लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30. लेखी पेपर तीन तासांचा असतो.

- विभाग अ : 10 बहुपर्यायी व 8 एका वाक्यातील प्रश्न, प्रत्येकी 1 गुण (18 गुण)
- विभाग ब : 12 पैकी 8 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण (16 गुण)
- विभाग क : 12 पैकी 8 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण (24 गुण)
- विभाग ड : 5 पैकी 3 प्रश्न, प्रत्येकी 4 गुण (12 गुण)

म्हणजे 70 पैकी 40 गुण दोन आणि तीन गुणांच्या प्रश्नांवर आहेत. बरेच विद्यार्थी मोठी डेरिव्हेशन पाठ करण्यात महिने घालवतात, पण चार गुणांचे प्रश्न एकूण 12 गुणांचेच असतात.

गुण जातात कुठे?

बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागते. नुसते अक्षर किंवा नुसते उत्तर लिहिले तर गुण मिळत नाही. खोडून दुसऱ्यांदा लिहिलेले उत्तरही धरले जात नाही, पहिलाच प्रयत्न तपासला जातो. या सूचना पेपरवर छापलेल्या असतात, पण घाईत वाचल्या जात नाहीत.

न्यूमेरिकलमध्ये शेवटच्या आकड्याइतक्याच पायऱ्या महत्त्वाच्या. उदाहरणार्थ, घरातील 230 व्होल्ट एसी पुरवठ्याचे शिखरमूल्य काढायचे असेल, तर आधी सूत्र लिहावे, मग किमती घालाव्यात (1.414 × 230) आणि शेवटी एककासह उत्तर लिहावे : सुमारे 325 व्होल्ट. एकक राहिले की हातचे गुण गेले. गणित चुकले तरी सूत्र आणि किमती बरोबर असतील, तर सगळेच गुण जातील असे नाही. म्हणून प्रश्न कोरा सोडू नये.

पेपरमध्ये कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. वर्षभर मोबाइलवर आकडेमोड करणाऱ्याचा परीक्षेत इथेच वेळ जातो. एका गुणामागे सरासरी अडीच मिनिटे मिळतात, हे लक्षात ठेवावे.

प्रॅक्टिकलचे गुण फसवतात

समजा, एखाद्याला प्रॅक्टिकलमध्ये 28 आणि लेखीत 27 मिळाले. गुणपत्रिकेत 55 दिसतात, घरचे समाधानी होतात. पण लेखीत 70 पैकी 27 म्हणजे 39 टक्क्यांच्याही आत.

हा फरक पुढे एमएचटी-सीईटीत उघडा पडतो. तिथे फिजिक्सचे 50 प्रश्न असतात आणि प्रॅक्टिकलचा आधार नसतो. इंजिनीअरिंग प्रवेशासाठी बारावीत पीसीएम मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राज्यातील मागास प्रवर्गाला 40 टक्के लागतात. ती फक्त पात्रता झाली, राज्याच्या कोट्यातील गुणवत्ता यादी मुख्यतः सीईटीवर लागते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये मात्र बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला वजा 1 असतो. सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो. त्यामुळे 'अकरावीचे गुण कुठं धरतात' म्हणून ते वर्ष वाया घालवणे महागात पडते.

जर्नल दुसऱ्याचे उतरवून काढण्यापेक्षा प्रयोग स्वतः केलेला बरा. तोंडी परीक्षेत त्यावरच विचारतात आणि लेखीतले बरेच प्रश्न त्यातूनच सुटतात.

निकाल पटला नाही तर?

निकालानंतर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल, तर आधी छायाप्रत घेणे बंधनकारक आहे. अकोला जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. छायाप्रत हाती आली की आधी विषयशिक्षकांना दाखवावी, एकेक पायरी तपासून घ्यावी आणि गुण वाढण्यासारखे असतील तरच पुढचे शुल्क भरावे.