दारू तेवढी विकतची

अमेरिकेत छंदांचं सामान विकणाऱ्या दुकानांत ‘अल्फा’ नावाचं रॉकेटचं पाकीट मिळतं. एस्टस कंपनीचं. आत पुठ्ठ्याची पांढरी नळी, प्लास्टिकचं निमुळतं नाक, बाल्सा लाकडाची पातळ पट्टी, दोन-चार कागदी कडी, स्प्रिंगपत्र्याचा एक हूक, रबरी दोरी आणि प्लास्टिकच्या कागदाची बारा इंची छत्री. जोडून झालं की फूटभर लांब आणि पंचवीस मिलिमीटरला किंचित कमी जाड असं रॉकेट तयार होतं. मुलीकडे कोलोरॅडोत राहायला गेलो असताना नातवाने हे पाकीट आणलं. ‘‘बाबा, हे तुमच्या खात्यातलं,’’ मुलगी म्हणाली. टूलरूममध्ये नोकरी काढलेल्या माणसाला नळी आणि कडं दिसलं की हात शिवशिवतातच. पण नातवाने आधीच बजावलं, ‘‘आबा, तुम्ही फक्त बघायचं हं.’’

म्हणून बघत बसलो. आणि बघण्यासारखं खूप होतं.

पहिलं काम इंजिन बसवायच्या बैठकीचं. छोट्या नळीला चीर देऊन तिच्यात हूक अडकवायचा, वर दोन कडी चढवायची आणि हा सगळा जोड मोठ्या नळीत सरकवायचा. वाचायला सोपं आहे. पण पांढरा गोंद पाण्यातला असतो. पुठ्ठा ते पाणी पितो, फुगतो आणि जोड अर्ध्यावरच घट्ट आवळतो. मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. त्यामुळे काडीने नळीच्या आत योग्य खोलीवर गोंदाचं वळं फिरवायचं आणि न थांबता एका दमात जोड आत ढकलायचा. लोखंडात दाबून बसवायच्या फिटिंगला जे लागतं तेच इथे लागतं : सुरुवात केली की थांबायचं नाही.

खरी परीक्षा पंखांची. अल्फाला तीन पंख. नळीभोवती कागदी पट्टी गुंडाळून १२० अंशांवर तीन खुणा करायच्या, मग त्या खुणांतून नळीच्या लांबीभर सरळ रेघ ओढायची. गोल वस्तूवर पट्टी ठेवून सरळ रेघ येत नाही, हे कुणाही फिटरला ठाऊक असतं. यावरची युक्ती जुनी आहे. नळी दाराच्या चौकटीच्या कोनात आडवी दाबून धरायची आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढायची. नातवाला ती सूचनापत्रिकेतून कळली. मला कळायला एका उस्तादाच्या हाताखाली वर्ष काढावं लागलं होतं.

बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड, हाताला जवळजवळ वजनच लागत नाही. पण लाकडातल्या रेषा आडव्या गेल्या तर बोटाच्या दाबानेही मोडतं. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला रेषा समांतर असाव्या लागतात. बारीक पॉलिश पेपरने पुढची कड गोल करायची, मागची निमुळती. नळीला टेकणारी कड मात्र चौकोनीच ठेवायची, तिला पेपर लावायचा नाही. चिकटवताना गोंद दोन्हीकडे लावून आधी थोडा सुकू द्यायचा, मग दुसरा हात देऊन पंख टेकवायचा. असा सांधा पुठ्ठ्याच्या वरच्या थराला घट्ट धरतो. पंख तुटला तर लाकूड तुटतं, सांधा सुटत नाही. शेवटी कोपऱ्यात गोंदाची बारीक रेघ सोडून ती बोटाने पुसून घ्यायची. हे काम पोरं घाईत उरकतात आणि मग उड्डाणात पंख गळतो. नातवाने ते शांतपणे केलं. त्याच्या आईकडून हा गुण आला नसावा.

पंख एवढे महत्त्वाचे का? दिवाळीतल्या बाणाला त्याची काडी सरळ ठेवते. या रॉकेटला काडी नसते, ते काम पंखांवर येतं. रॉकेटचा तोल जिथे साधतो तो बिंदू पुढे हवा आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू मागे. दोघांत निदान नळीच्या जाडीएवढं अंतर हवं. दाबाचा हा बिंदू आकडेमोडीने कसा काढायचा, त्याची सूत्रं जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदी लोकांपुढे मांडली. दोऱ्यानेही तपासता येतं. इंजिन घातलेलं रॉकेट तोलाच्या बिंदूवर दोऱ्याने बांधायचं आणि डोक्याभोवती गरगरा फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडवायला हरकत नाही. गिरक्या खाऊ लागलं तर नाकात वजन वाढवायचं.

आता इंजिनाकडे येतो, कारण या छंदाची सगळी अक्कल तिथे आहे. पाकिटात इंजिन नसतं, ते वेगळं विकत घ्यावं लागतं. जाड कागदाची नळी, १८ मिलिमीटर व्यासाची, ७० मिलिमीटर लांब. खालच्या तोंडाला मातीचं अरुंद छिद्र, वर घट्ट दाबलेली बंदुकीची दारू, तिच्यावर सावकाश जळून धूर सोडणारा थर, त्याच्यावर थोडी मोकळी दारू आणि शेवटी मातीचं पातळ झाकण. नळीवर ‘ए ८-३’ असं छापलेलं. अक्षर एकूण जोर सांगतं. ‘ए’च्या वर ‘बी’, मग ‘सी’, प्रत्येक अक्षरागणिक मर्यादा दुप्पट. ८ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. ३ म्हणजे दारू संपल्यापासून छत्री फेकली जाईपर्यंतचे सेकंद. मोकळी दारू वरच्या बाजूला फुटते आणि नाक, छत्री, सगळं बाहेर ढकलते. एवढ्याशा नळीत चढवणं आणि उतरवणं दोन्ही भरलेलं आहे.

ही कल्पना एका चपलाबुटांच्या दुकानदाराची. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावातले ऑर्व्हिल कार्लाइल शोभेच्या दारूकामाचे शौकीन. त्यांचा भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानं उडवणारा. १९५४ मध्ये दोघांनी कागदी नळीचं, पुन्हापुन्हा उडवता येणारं रॉकेट केलं. त्या काळी अमेरिकेतली पोरं तळघरात जस्त आणि गंधकाची पूड कालवून लोखंडी पाइपात ठासत होती आणि बोटं, डोळे गमावत होती. १९५७ च्या सुरुवातीला हॅरी स्टाइन यांनी ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये या धोक्यांवर लेख लिहिला. स्टाइन व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावरचे, रॉकेट जवळून पाहिलेले. लेख वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपले नमुने पाठवले. त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये अशी रॉकेटं विकणारी कंपनी निघाली, ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि मागणी आवरेना. मग व्हर्न एस्टस यांनी इंजिन भरणारं यंत्र बांधलं. जानेवारी १९५९ पासून ते दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन काढू लागलं. त्या यंत्राचं नाव मेबल. १९६१ मध्ये एस्टस यांचा कारखाना पेनरोझ या छोट्या गावी गेला, मुलीच्या घरापासून गाडीने जाता येईल अशा अंतरावर.

माझं मत असं, की मेबल हीच यातली सगळ्यात मोठी सुरक्षेची तरतूद. पोरांना ‘रॉकेट करू नका’ म्हणून कुणी ऐकलं नसतं. करा म्हणाले, फक्त दारूला हात लावू नका. दारू एका जागी, एकसारख्या दाबाने भरली गेली. बाकी सगळं मुलांच्या हाती राहिलं.

मैदानावरचे नियमही याच शहाणपणाचे. रॉकेट कागद, लाकूड, प्लास्टिकचंच हवं, नाक-नळी-पंखांत धातू नको. वारा ताशी वीस मैलांच्या आत. उडवायची सळई उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा जास्त कलती नको. लहान इंजिनांसाठी उडवणारा निदान पंधरा फूट लांब. कोलोरॅडोत गवत वाळलेलं असलं की आगीपायी बंदी असू शकते, त्यामुळे आधी चौकशी करून एक उघडं, दगडाळ मैदान शोधलं.

नळीत आधी न पेटणाऱ्या कागदाचे चुरगाळलेले बोळे भरायचे, नाहीतर छत्री वितळून तिचा गोळा होतो. छत्रीला टाल्कम पावडर चोळून ती सैल घडी करून ठेवायची. नाक पट्कन निघेल इतपत सैल आणि उलटं धरलं तरी पडणार नाही इतपत घट्ट. इंजिनाच्या छिद्रात पेटवायची तार थेट दारूला टेकेपर्यंत घालून प्लास्टिकच्या बुचाने अडकवली. तारेच्या टोकांना बॅटरीच्या डबीचे चिमटे लावले, ते एकमेकांना टेकत नाहीत हे नातवाने पुन्हा पाहिलं. डबीत किल्ली घातली, दिवा लागला.

पाच, चार, तीन, दोन, एक. काहीच झालं नाही. पोरगं धावणार होतं, मुलीने खांद्याला धरलं. किल्ली काढून मिनिटभर थांबायचं, असा नियम आहे. मग जवळ जायचं. तार सरकली होती. नवी घातली.

या वेळी ‘फुस्स’ झालं आणि सळई रिकामी. दारू सेकंदही पुरत नाही, डोळ्यांना दिसतो तो नुसता धुराचा दोर. रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवत वर गेलं, शिखरापाशी जरा रेंगाळलं, बारीक ‘टप्’ ऐकू आलं आणि छत्री उघडली. हलकंसं रॉकेट बारा इंची छत्रीवर निघालं की वारा त्याला मैदानाबाहेरही नेतो. जाणते लोक छत्रीच्या मध्यभागी भोक पाडतात, म्हणजे ते लवकर उतरतं. आमचं कुंपणाच्या अलीकडे पडलं, एका पंखाला ओरखडा. ‘सी’ इंजिनावर हेच रॉकेट हजार फुटांपर्यंत जातं, असं पाकीट सांगतं. एवढ्याशा मैदानावर ते घालायला मी नको म्हटलं. तो माझा एकुलता एक हस्तक्षेप.

आपल्याकडे ही इंजिनं दुकानात सहज मिळत नाहीत. दारूकाम म्हणजे स्फोटकांच्या कायद्यातला परवान्याचा विषय. म्हणून शाळांतून पाण्याची रॉकेटं उडतात, आणि तीही मुळीच कमी नाहीत. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप. पंख तिथेही नीटच लागतात आणि लांब उभं राहण्याचा नियमही तोच.

अमेरिकेहून कुणी येणार असेल तर अल्फाचं पाकीट जरूर मागवा, जोडण्याचा आनंद पूर्ण मिळतो. इंजिन मागवू नका. विमानात ते हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि सामानातही नाही. आणि त्या रिकाम्या नळीत फटाक्यांची दारू काढून भरू या, असं घरात कुणी सुचवलंच, तर पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावा.